हू, विच, दॅट : रिकाम्या जागा भरता येतात, मेल लिहिताना मात्र हात थांबतो

सूरसागरकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न इंग्रजीचा आहे, पण तो मराठीतच नीट विचारता येईल, म्हणून इथे आले.

मी बडोद्याची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे कॉमर्स. गेली १४ वर्षं मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. घरात मराठी, बाजारात गुजराती, ऑफिसात तोंडाने गुजराती-हिंदी आणि कागदावर इंग्रजी. बोलायचं निभतं. लिहायचं झालं की छोटी छोटी वाक्यं. 'पार्टी केम. पार्टी गेव्ह चेक. चेक बाऊन्स्ड.' असं.

गेल्या महिन्यात ठरवलं, जरा मोठ्या माणसासारखं लिहू या. ४३ बिलं पास व्हायला जायची होती, त्यातल्या ६ बिलांवर गेटचा शिक्का नव्हता. ज्यांवर शिक्का नाही ती थांबवा, एवढंच सांगायचं होतं. मी लिहिलं : 'द बिल्स, विच डू नॉट हॅव द गेट स्टॅम्प, शुड बी हेल्ड.' हेड ऑफिसने सगळी ४३ थांबवली. चार दिवस ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन माझ्या टेबलावर. विचारलं तर उत्तर आलं, 'तुम्हीच लिहिलंय की बिलांवर शिक्का नाही.' दोन स्वल्पविरामांनी अर्थ फिरला म्हणे. मी आपली जिथे दम घ्यावासा वाटला तिथे स्वल्पविराम दिला होता.

त्या रात्री मुलाचं नववीचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसले. हू, हूज, हूम, विच, दॅट. रिकाम्या जागा भरल्या, २० पैकी १९ बरोबर. सकाळी मेल उघडली आणि परत तेच, 'पार्टी केम.' म्हणजे ओळखता येतं, घडवता येत नाही. याचा सराव कसा करायचा? ज्यांनी मोठेपणी हे कमावलंय त्यांनी सांगा.

इंग्रजी वाक्यं कृपया देवनागरीतच लिहा. सासूबाईही हा धागा वाचणार आहेत.

मांडवीचा मित्र

सासूबाईंना नमस्कार. बाकी प्रश्न माझाही तोच आहे, बसलोय वाचायला.

सरळ वाक्य

ताई, छोटी वाक्यं लिहिता यात चूक काय? ऑफिसच्या मेलला अलंकार लागत नाहीत. 'सिक्स बिल्स हॅव नो गेट स्टॅम्प. प्लीज होल्ड देम.' काम झालं, कोणाचा गैरसमज नाही. मी २२ वर्षं पर्चेसला काढली, हूम एकदाही वापरलं नाही.

नववीचा बाबा

आमच्याकडेही हेच चाललंय. मुलीच्या वहीत नियमांचं कोष्टक आहे : माणसाला हू, वस्तूला विच, दोघांना दॅट, मालकीला हूज. तिला ते तोंडपाठ आहे. परवा निबंधात लिहिलं, 'आय हॅव अ फ्रेंड हू शी लिव्ह्ज इन वाघोडिया.' हू पण आणि शी पण! मी खोडलं, तर म्हणते, 'बाबा, मग राहतं कोण ते कसं कळणार?'

फळा आणि खडू

नववीचा बाबा, तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. आधी तिला शाबासकी द्या.

मी बडोद्यातच ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी मराठी माध्यमाच्या मुलांना. ही चूक दर वर्षी, दर वर्गात यायची. ती विसराळूपणाची चूक नाही. मूल मराठी व्याकरणाला प्रामाणिक राहतं, म्हणून ती होते. आपलं वाक्य कसं असतं? 'जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ.' जो आला की तो यायलाच हवा. तो आला नाही तर वाक्य लंगडतं. गुजरातीत जे-ते, हिंदीत जो-वह, संस्कृतात यः-सः. आपल्याकडची मुलं तीन भाषांत ही जोडी ऐकत वाढतात. मग इंग्रजीत हू दिसलं की त्यांचा कान दुसरा शब्द मागतो, आणि ती ही नाहीतर शी आणून बसवतात.

मी फळ्यावर दोन वाक्यं एकाखाली एक लिहायचे.

जो मुलगा काल आला, तो माझा भाऊ आहे.
द बॉय हू केम येस्टरडे इज माय ब्रदर.

मग विचारायचे, 'आपला तो कुठे गेला?' वर्ग शोधायचा. हूमध्ये नाही, इजमध्ये नाही. शेवटी कोणीतरी ओरडायचं, 'बाई, द!' बरोबर. तो पुढे जाऊन बॉयच्या डोक्यावर बसला. मराठीत जो आधी आणि तो नंतर, इंग्रजीत तो आधी आणि जो नंतर. 'तो मुलगा, जो काल आला.' हे एकदा डोळ्यांना दिसलं की शी आपोआप गळते, कारण तिचं काम द ने आधीच केलेलं असतं.

सूरसागरकाठची, तुमच्या सरावाचं संध्याकाळी लिहिते, ते जरा लांबणार आहे.

नववीचा बाबा

बाई, आत्ता मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'मग द ला तो का नाही म्हणत?' धन्यवाद!

जे ते

जोडीतला एक गाळायची सवय मात्र आपल्यालाही आहे हं. गुजरातीत म्हणतात, 'बोले तेना बोर वेचाय.' जो बोलतो त्याची बोरं खपतात. यात जे कुठेय? मराठीत 'करेल तो भरेल', 'कसेल त्याची जमीन'. जो गायब, तो हजर. त्यामुळे मी बरीच वर्षं 'द मॅन केम येस्टरडे इज माय बॉस' असं बोलायचो आणि समोरच्याला कळायचंही.

फळा आणि खडू

जे ते, फार छान पकडलंत. फरक एवढाच की गाळायची जागा वेगळी. आपण जो गाळतो. इंग्रजीत हू हा कर्ता असेल तर तो गाळता येत नाही : 'द मॅन हू केम.' कर्म असेल तर खुशाल गाळा : 'द मॅन आय मेट.' ओळखायची खूण सोपी. हू-विचच्या लगेच पुढे क्रियापद आलं तर तो कर्ता, त्याला हलवू नका. पुढे आय, ही, माय बॉस असं कोणी आलं तर हू-विच काढलं तरी चालतं.

दूरदेशी बडोदेकर

मला हे जो-तोचं प्रकरण पटत नाही. इंग्रजी शिकायचं तर इंग्रजीतच विचार करावा. मी १७ वर्षांपूर्वी बाहेर आलो तेव्हा मराठीतून इंग्रजी करायचो आणि तोंड उघडेपर्यंत गाडी निघून जायची. मग रोज रेडिओ ऐकला, लोकांची वाक्यं जशीच्या तशी उचलली. आता विच कुठे, दॅट कुठे हे मला सांगता येणार नाही, पण चुकत नाही. व्याकरण सोडा, कान तयार करा.

मांडवीचा मित्र

दादा, तुमच्या कानावर दिवसभर इंग्रजी पडतं. आमच्या कानावर मांडवीत 'शुं आपुं बेन?' पडतं. इथे कान तयार झाला तर गुजरातीचाच होईल.

सूरसागरकाठची

दूरदेशी दादा, तुमचं खरं असेल, पण माझं वय ४२ आहे आणि १४ वर्षं मी मराठीतून इंग्रजी करतेच आहे. ते एका दिवसात थांबणार नाही. त्यापेक्षा पूल कुठे कच्चा आहे ते कळलं तर डागडुजी करीन म्हणते. बाईंची वाट बघतेय.

फळा आणि खडू

हं, आता बैठक मारून लिहिते.

तुमचा हात का थांबतो त्याला माझ्या मते दोन कारणं. पहिलं असं की रिकामी जागा भरताना वाक्य दुसऱ्याने जोडून ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त खिळा ठोकता. तुम्हाला दोन सुट्या फळ्या दिल्या पाहिजेत. म्हणून सराव करायचा तो जोडण्याचा.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आपण बोलताना जो-तो फार वापरतच नाही. 'काल आलेला मुलगा', 'दुकानात काम करणारी बाई', 'मला भरायचं बिल' असं म्हणतो. आलेला, करणारी, भरायचं. सगळं नामाच्या आधी, गुंडाळून ठेवल्यासारखं. इंग्रजीत हे उलगडून नामाच्या मागे टाकावं लागतं. मनात आलेला-करणारी चालू असताना हू-विचची आठवण होणार कशी? तेव्हा णारा, लेला, यचा ऐकू आला की थांबा, इथे हू-विच-दॅट लपलंय. आधी ते जो-तोमध्ये फोडा, मग उलटं करा. 'दुकानात काम करणारी बाई' म्हणजे 'जी बाई दुकानात काम करते ती', म्हणजे 'द वुमन हू वर्क्स इन द शॉप'.

आता खरी मेख. 'मी बसलेली खुर्ची.' मराठीत पूर्ण अर्थ लागतो. पण 'वर' कुठेय? गिळला आपण. 'मी बसलो त्या खुर्चीवर' असा तो असतो, लेला लावला की नाहीसा होतो. म्हणून मुलं लिहितात, 'द चेअर विच आय सॅट.' इंग्रजी गिळू देत नाही : 'द चेअर आय सॅट ऑन.' 'आम्ही उतरलेलं हॉटेल' याचं 'द होटेल वी स्टेड ॲट'. शेवटचं ऑन-ॲट मोठमोठ्या साहेबांच्या पत्रातही सुटलेलं मी पाहिलंय. पडताळा असा : ते वाक्य सुटं करून म्हणा. 'आय सॅट ऑन द चेअर.' आता चेअर उचलून पुढे न्या. ऑन जागेवर राहिलं पाहिजे.

तुम्हाला गृहपाठ देते. 'मी मेथी घेते ती बाई खंडेराव मार्केटच्या बाहेर बसते.' याचं इंग्रजी करा.

सूरसागरकाठची

द वुमन आय बाय मेथी सिट्स आउटसाइड खंडेराव मार्केट.

पाठवलं आणि लगेच दिसलं. हे तर त्या बाईलाच मेथी म्हटल्यासारखं झालं.

द वुमन आय बाय मेथी फ्रॉम सिट्स आउटसाइड खंडेराव मार्केट.

फळा आणि खडू

शंभर पैकी शंभर. 'फ्रॉम सिट्स' असे दोन शब्द शेजारी आले की विचित्र वाटतं, घाबरू नका, बरोबर आहे. फारच खटकलं तर 'फ्रॉम हूम आय बाय मेथी' म्हणा, पण भाजीवालीसाठी ते जरा दरबारी होतं.

बँक परीक्षावाला

हूमचा विषय निघालाच आहे तर, हूम मेलं असं सगळे म्हणतात, परीक्षेत मात्र हमखास येतं. मी दोन वर्षं तयारी केली. माझी युक्ती : उत्तरात 'ही' येत असेल तर हू, 'हिम' येत असेल तर हूम. 'आय मेट हिम', म्हणून 'द मॅन हूम आय मेट'. हिम आणि हूम दोघांच्या शेवटी म, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

आणखी एक, 'वन ऑफ द' वाला प्रश्न. 'ही इज वन ऑफ द क्लार्क्स हू वर्क लेट.' वर्क की वर्क्स? आमच्या क्लासात यावर मारामारी व्हायची.

फळा आणि खडू

मराठीला विचारा, ती भांडण मिटवते. 'उशिरापर्यंत काम करणाऱ्या कारकुनांपैकी तो एक.' करणाऱ्या कोण? कारकून. म्हणून वर्क. करणारा तो एकटा असता तर गोष्ट वेगळी.

आणि हूमबद्दल, बोलताना लोक सर्रास हू म्हणतात आणि ते चालतं. फक्त टू, फ्रॉम, विथ हे त्याच्या लगेच आधी आले तर हूमच. सूरसागरकाठची, तुम्ही पत्राच्या माथ्यावर 'टू हूम इट मे कन्सर्न' लिहीत असालच.

सूरसागरकाठची

लिहिते की, १४ वर्षं! आणि त्यातलं हूम हे हू-चं रूप आहे हे आज कळलं. मला ते नमस्कारासारखं अख्खं एकच वाटायचं.

सराफ्याचा शेजारी

मी इंदूरचा, बडोदेकरांच्या धाग्यात घुसतोय. स्वल्पविरामावर कोणी बोललंच नाही, आणि ताईंचं नुकसान तर त्यानेच झालं. मराठीत हा घोळ होत नाही, कारण आपण मुळात असं वाक्य करतच नाही. 'माझा भाऊ सुरतेला असतो, तो डॉक्टर आहे', संपलं. हल्ली मात्र 'माझा भाऊ, जो की सुरतेला राहतो, डॉक्टर आहे' असं कानावर येतं. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'जो की' फार बोकाळलंय. आजीसमोर म्हटलं की ती अजून टोकते.

दूरदेशी बडोदेकर

'जो की'ला माझाही विरोध. इथे आपलं जमलं.

फळा आणि खडू

इंदूरकर, आलात ते बरं झालं, स्वल्पविराम राहूनच चालला होता.

'माय ब्रदर हू लिव्ह्ज इन सुरत इज अ डॉक्टर.' स्वल्पविराम नाही, म्हणजे भाऊ एकाहून जास्त, त्यातला सुरतेचा. 'माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन सुरत, इज अ डॉक्टर.' भाऊ एकच, आणि जाता जाता कळलं की तो सुरतेला असतो. बोलताना आवाज उतरतो, लिहिताना ते काम स्वल्पविराम करतो. म्हणजे ही दम घ्यायची जागा नव्हे. तो कंसासारखा आहे, मजकूर कंसात टाकला की मुख्य वाक्याला त्याची गरज उरत नाही.

पडताळा : मधला तुकडा बोटाने झाका. 'द बिल्स शुड बी हेल्ड.' वाचणारा विचारतो, कोणती बिलं? प्रश्न पडला ना, मग तुकडा हवाच आहे, स्वल्पविराम नको. तुमच्या मेलमध्ये स्वल्पविराम असल्यामुळे हेड ऑफिसने तुकडा झाकून वाचला : बिल्स थांबवा. त्यांनी वाचलं ते बरोबर होतं, तुम्हाला म्हणायचं होतं तेही बरोबर होतं, मधल्या दोन टिकल्या तेवढ्या नको होत्या.

दोन गोष्टी पदरात बांधा. स्वल्पविरामाच्या मागे दॅट येत नाही, तिथे विच किंवा हूच. म्हणून शंका असेल तेव्हा दॅट घालून बघा. दॅट चालत असेल तर स्वल्पविराम नाही. दुसरं म्हणजे, विशेषनामाला कोणता असा प्रश्न पडत नाही, म्हणून तिथे बहुधा स्वल्पविराम. यावर बडोद्याचंच उदाहरण कोणीतरी द्या बघू.

मांडवीचा मित्र

कमाटीबाग, विच इज ऑफिशियली सयाजीबाग, इज क्लोज टू द स्टेशन.

नववीचा बाबा

मुलीचं : सयाजीराव महाराज, हू मेड प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी इन बरोडा स्टेट इन १९०६, लव्हड बुक्स.

जे ते

श्री अरविंद, हू टॉट इंग्लिश ॲट बरोडा कॉलेज, लिव्हड इन दांडिया बाजार. द हाऊस व्हेअर ही लिव्हड इज स्टिल देअर. दुसऱ्यात स्वल्पविराम दिला नाही, कारण कोणतं घर ते सांगायचंच होतं. बरोबर ना बाई?

दांडिया बाजारातून जाता-येता मला नेहमी वाटतं, इंग्लंडात शिकलेला माणूस या गल्लीत राहून मुलांना इंग्रजी शिकवत होता आणि स्वतः संस्कृत, बंगाली शिकत होता. तेव्हा मोठेपणी भाषा शिकायची परंपरा आपल्या गावाला आहे, ताई!

फळा आणि खडू

तिघांचीही बरोबर. मुलीच्या वाक्याला तर दोन गुण जास्त.

विश्वामित्रीचा मगर

माझंही तपासा. 'विश्वामित्री इज अ रिव्हर हूज क्रोकोडाइल्स कम टू अवर सोसायटी.' २०१९ ला आली होती, २०२४ च्या पुरातही आली. पण हूज माणसाला असतं ना? नदीला चालतं का?

बँक परीक्षावाला

नाही चालत. वस्तूला 'ऑफ विच'. आमच्या सरांनी बजावून सांगितलं होतं.

फळा आणि खडू

चालतं हो. हू आणि हूम माणसांसाठी, पण हूज वस्तूलाही शतकानुशतकं लावलं जातंय. 'अ हाऊस हूज रूफ लीक्स' अगदी शुद्ध आहे. 'द रूफ ऑफ विच' बरोबर असलं तरी जड होतं. आणि मुळात हू, विच हे जुन्या इंग्रजीत नुसते प्रश्न विचारायचे शब्द होते, जोडायच्या कामाला ते नंतर लागले. विच तर सतराव्या शतकातही माणसांना चालायचं. नियम वापरातून घडतात, परीक्षेसाठी त्यांची कोष्टकं होतात.

बँक परीक्षावाला

बाई, वाचून कोष्टकात दुरुस्ती केली. सरांना मात्र सांगणार नाही, वय झालंय त्यांचं.

दांडिया बाजारकर

मी सरावाची माझी पद्धत सांगतो. म्हणी घ्या. आपल्या अर्ध्या म्हणी जो-तोच्याच आहेत. मी आणि बायको रात्री जेवताना एकेक म्हण इंग्रजीत फिरवतो.

ज्याचं जळतं त्याला कळतं : ओन्ली द मॅन हूज हाऊस इज बर्निंग नोज.
ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी : प्रेझ द मॅन हूज ब्रेड यू ईट.

ज्याच्या हाती ससा तो पारधी, यावर मात्र गाडी अडली. 'द मॅन इन हूज हँड द हेअर इज इज द हंटर.' इज इज!

फळा आणि खडू

म्हणींची कल्पना मी ३१ वर्षांत का केली नाही याची रुखरुख लागली. सुंदर.

सशाचं असं करा : 'द मॅन हू होल्ड्स द हेअर इज द हंटर.' मराठीत वस्तू माणसाच्या हाती असते, इंग्रजीत माणूस वस्तू धरतो. ज्याच्या दिसलं म्हणून दर वेळी हूज नको. इंग्रजीत क्रियापद कोण करतंय ते बघायचं आणि मग हू की हूज ठरवायचं.

सरळ वाक्य

मी अजूनही माझ्या मतावर आहे. 'खाली दिलेली ६ बिलं थांबवा.' एवढ्याला विच कशाला?

फळा आणि खडू

तुमचं हे वाक्य इंग्रजीत आणा : 'प्लीज होल्ड द सिक्स बिल्स लिस्टेड बिलो.' हे 'दॅट आर लिस्टेड बिलो'च आहे, दॅट आर तेवढं गळालं. इंग्रजीतही लेला आहे, तो लिस्टेड होऊन नामाच्या मागे उभा राहतो. म्हणजे तुम्ही २२ वर्षं हेच वापरत आलात. तुमच्या छोट्या वाक्यांशी माझं भांडण नाही. पण सगळीच छोटी असली तर मुख्य काय आणि जोडीला काय ते वाचणाऱ्याला कळत नाही. 'ट्रक केम लेट. डिस्पॅच वॉज डिलेड.' एकामुळे दुसरं झालं की दोन सुट्या तक्रारी आहेत? 'द ट्रक केम लेट, विच डिलेड द डिस्पॅच.' इथे विच अख्ख्या वाक्याला धरतं. आपण तिथे 'त्यामुळे' म्हणतो.

सरळ वाक्य

ट्रकचं पटलं. हे उद्याच वापरतो, कारण उद्याही उशिरा येणार आहे.

सूरसागरकाठची

तीन आठवड्यांनी येतेय. मार्चअखेरचं काम होतं.

काय केलं ते सांगते. जेवणाच्या सुटीत रोज पाच वाक्यं. पुस्तकातली नाही, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेली. आधी दोन सुटी लिहायची, मग जोडायची. वही दुरेघी, डावीकडे सुटी, उजवीकडे जोडलेलं. पहिले चार दिवस एकेका वाक्याला पाच मिनिटं लागली. दुसऱ्या आठवड्यात बसमध्ये आपोआप जुळायला लागली. समोर एक म्हातारे गृहस्थ शेवेची पिशवी छातीशी धरून बसले होते, आणि मनात आलं, 'द ओल्ड मॅन हू इज होल्डिंग द बॅग'. डावीकडची दोन वाक्यं न लिहिताच! मी त्यांच्याकडे बघून हसले, तर त्यांनी सरकून मला जागा दिली.

चुका अजून होतात. शेवटचं फ्रॉम-ऑन राहतं. 'ऑल व्हॉट' परत परत येतं, 'जे काही' मनात असतं म्हणून. तिथे लाल पेनाने दॅट लिहिते. शी-ही मात्र पूर्ण गेलं. द मध्ये तो बसलाय हे दिसलं की तिला जागाच उरत नाही.

आणि परवा पुन्हा तसाच प्रसंग. पुन्हा ४३ बिलं, पुन्हा ६ बिनशिक्क्याची (आकडे जुळले हा योगायोग, गेटवरचा माणूस तोच). मी लिहिलं :

'प्लीज होल्ड द सिक्स बिल्स दॅट डू नॉट हॅव द गेट स्टॅम्प. द अदर थर्टी-सेव्हन, विच आर स्टॅम्प्ड, कॅन बी पेड.'

बोटाने झाकून बघितलं. पहिल्यात प्रश्न पडतो, दुसऱ्यात नाही. दुपारी चारला ३७ बिलं पास होऊन आली. फोन एकही नाही.

फळा आणि खडू

मी हे दोनदा वाचलं. दुसऱ्या वाक्यातले ते दोन स्वल्पविराम फार देखणे आहेत.

मांडवीचा मित्र

तीन आठवडे वाट बघणाऱ्या मित्राकडून अभिनंदन! (णारा ऐकू आला, म्हणून : फ्रॉम द फ्रेंड हू वेटेड.)

सूरसागरकाठची

एक शेवटचं. 'माय मदर-इन-लॉ, हू हॅज रेड धिस होल थ्रेड, हॅज अ क्वेश्चन.' सासूबाई एकच, म्हणून स्वल्पविराम. त्या विचारतायत, 'जो तो आपापल्या घाईत आहे, यात जो पण आहे, तो पण आहे. त्याचं इंग्रजीत काय करायचं?'

फळा आणि खडू

आजींना सांगा, 'एव्हरीवन इज इन अ हरी.' जोही गेला, तोही गेला. आणि 'ज्याचं त्याला' कसं करायचं ते मीही विचार करतेय, उद्या लिहिते.